त्या दिवशी सिरिंजमध्ये काय होतं

देवास,
मंगळवार, १८ मार्च २०२५

ती. दादा यांस,

साष्टांग नमस्कार. वहिनींचे गुडघे आता कसे आहेत? चिंटूचे बोर्डाचे पेपर संपले असतील. इकडे ऊन तापायला लागलं आहे. शाळेत परीक्षा चालू आहेत आणि मी रजेवर आहे. यापुढे 'इकडील सर्व कुशल' असं लिहायची आपल्या घरची रीत. लिहिलं होतं, मग खोडलं. खोडलेलं तुम्हाला दिसेलच, मुद्दाम दुसरा कागद घेतला नाही.

तुम्ही रोज फोन करता आणि मी उचलत नाही, हे तुम्हाला फार लागलंय, असा वहिनींचा निरोप आला. दादा, फोनवर तुम्ही समजावाल, मी नेहमीसारखी 'हो दादा' म्हणेन आणि संपलं. तुम्ही माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे, बाबा गेल्यावर तुम्हीच मला वाढवलंत. तुमच्यापुढे माझी जीभ चालत नाही. पेन चालतं. उत्तरही तुम्ही पत्रानेच द्या. माझ्या देवश्रीला आता फोन ऐकू येत नाही. घरात तिच्याबद्दल काय बोलणं चाललंय ते तिला कळायचं असेल, तर ते कागदावरच असायला हवं.

'वाचली हेच पुष्कळ, कानांचं पुढे बघता येईल,' असं तुम्ही वहिनींना म्हणालात म्हणे. हे वाक्य ऐकल्यापासून माझ्या डोक्यातला जाळ विझत नाही. त्या रविवारी काय झालं ते तुम्हाला कोणी नीट सांगितलेलंच नाही. मी सांगते. शेवटपर्यंत वाचा, मध्येच चष्मा काढून ठेवू नका.

२ फेब्रुवारी. देवश्री शुक्रवारी संध्याकाळीच सतवासहून आली होती. अंगात कणकण होती म्हणून बँकेत शनिवारची रजा टाकली होती. रविवारी सकाळी नऊला दोन उलट्या झाल्या. मग म्हणाली, "आई, परदा लगा दो, आँखें फट रही हैं." मी तिला म्हटलं, हनुवटी छातीला लाव बघू. मान वाकेना. मी विज्ञान शिकवते, दादा, तीस वर्षं झाली. मान न वाकण्याचा अर्थ मला ठाऊक होता. शेजारच्यांनी गाडी काढली आणि साडेदहाला आम्ही हॉस्पिटलात होतो. म्हणजे मी वेळ घालवला नाही. एवढं तरी लिहून ठेवते.

काउंटरवर पहिलाच प्रश्न, "किसी दवा से एलर्जी?" मी पर्समधून तुमचं कार्ड काढून दिलं. तुम्हीच लिहून, लॅमिनेट करून दिलेलं. 'पेनिसिलिनची तीव्र ॲलर्जी, प्राणघातक. या वर्गातील कोणतेही औषध देऊ नये.' खाली तुमची सही, शिक्का, डिग्री. तेच हिंदीतही. तिच्या शाळेत, कॉलेजात, बँकेत, सगळीकडे त्याची झेरॉक्स लागलेली आहे.

ड्यूटीवर डॉ. शिवांगी होत्या. अठ्ठावीस-एकोणतीस वय असेल. माहेर गंधवानीचं, जिथे तुम्ही सरकारी नोकरीत नऊ वर्षं काढलीत. त्यांनी पाच मिनिटं तपासलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आंटी, दिमाग की झिल्ली का इन्फेक्शन लग रहा है. पहला डोज़ घंटे भर के अंदर जाना चाहिए." सेफ्ट्रियाक्सोन नावाचं इंजेक्शन भरून खाटेपाशी आलंसुद्धा. तेवढ्यात नर्सने तुमचं कार्ड त्यांच्यापुढे धरलं.

त्यांनी मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. ते रविवारचे घरी होते. मी शेजारीच उभी होते, मला सगळं ऐकू येत होतं. ते म्हणाले, "कार्ड पर डॉक्टर ने खुद लिखा है, प्राणघातक. ये भी उसी खानदान की दवा है. कुछ हो गया तो कोर्ट में कौन खड़ा होगा, तुम?" शिवांगी म्हणाल्या, "सर, खानदान एक है, पर सचमुच की एलर्जी वाले सौ में एक-दो को ही इससे तकलीफ़ होती है. और इंतज़ार में तो..." त्यांनी पुरतं बोलूच दिलं नाही. "एज़िथ्रो चालू करो, मेरोपेनेम मँगवाओ, बाद में देखते हैं."

अझिथ्रोमायसिन. जे घशाला देतात, आणि मेंदूच्या पाण्यात जे पुरेसं उतरतच नाही. हे मला नंतर कळलं. मेरोपेनेम, म्हणजे त्याऐवजी चालणारं इंजेक्शन, हॉस्पिटलात संपलेलं होतं. आमच्या शेजाऱ्यांनी चार दुकानं पालथी घातली. "संडे है भिया, स्टॉकिस्ट शाम को खोलेगा." इंदूरला हलवावं म्हटलं, तर बाराला पोरीला झटका आला, दातांत जीभ सापडली, आणि हलवायची स्थिती राहिली नाही. दादा, सगळ्यात जवळचं औषध तिच्या उशाशी ट्रेमध्ये पडलेलं होतं. भरलेलं. एका कार्डाला घाबरून ते कोणी देत नव्हतं.

एक वाजता शिवांगी माझ्यापाशी येऊन बसल्या. "आंटी, उस दिन हुआ क्या था? ठीक-ठीक बताइए." मी सांगितलं. देवश्री पाच वर्षांची होती. मी राखीला धारला आले होते. मामाच्या दवाखान्यात इंजेक्शन दिलं आणि तिचे डोळे फिरले, अंग गार पडलं.

"दाने आए थे? चेहरा सूजा? साँस में सीटी?"

"नहीं."

"इंजेक्शन कौन सा था, आपने देखा था?"

"दादा ने बताया."

त्यांनी माझ्या फोनकडे बोट दाखवलं. मग म्हणाल्या, "मेरी उनसे बात करवाइए."

दोन वाजून दहा मिनिटांनी मी तुम्हाला फोन लावला, आठवतंय? त्यांनी आधी नमस्कार केला. म्हणाल्या, सर, मैं गंधवानी की हूँ, मेरे पिताजी आपके पेशेंट थे. तुम्ही खूश झालात, वडिलांचं नाव विचारलंत. मग त्यांनी विचारलं, "सर, वो रिऍक्शन पेनिसिलिन का ही था, पक्का?"

तुम्ही थांबलात.

तुम्ही कधी थांबत नाही. पेशंटचं वाक्य पुरं व्हायच्या आत औषध सांगणारे तुम्ही. त्या थांबण्याकडे माझं लक्ष गेलं, शिवांगींचंही गेलं. मग तुम्ही म्हणालात, "बेटा, मैंने अपनी आँखों से देखा है. सेफ्ट्रियाक्सोन भूलकर भी मत देना."

झालं. मोठ्या डॉक्टरांना हेच हवं होतं.

पावणेसहाला शिवांगींनी स्वतःच्या जबाबदारीवर ते इंजेक्शन दिलं. कशावरून ठरवलं, ते आत्ता लिहीत नाही. आधी सूज उतरवायचं स्टेरॉइड दिलं, मग हे. रिॲक्शन आलीच तर द्यायला एका हातात ॲड्रिनलिनची सिरिंज भरून त्या तिच्या उशाशी उभ्या राहिल्या. मी घड्याळाकडे बघत होते. पाच मिनिटं झाली. पंधरा झाली. अर्धा तास झाला. काही नाही. साधं पुरळसुद्धा नाही, दादा. माझ्या पोरीच्या अंगावर मुंगी चावल्याएवढी गांधही उठली नाही.

साडेदहा ते पावणेसहा. सव्वासात तास.

चौथ्या दिवशी तिने नीट डोळे उघडले. माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि एकदम मोठ्याने ओरडली, "सब लोग इतना धीरे क्यों बोल रहे हैं?" डावा कान पूर्ण गेला आहे. उजव्यात दार आपटल्याचं कळतं, तेवढंच. वेळेवर औषध गेलं असतं तर कान राहिले असते का, असं मी शिवांगींना विचारलं. त्या खोटं बोलल्या नाहीत. "ये कोई नहीं बता सकता, आंटी. पर उसको मौका तो मिलता."

मागच्या बुधवारी इंदूरला कानाचं ऑपरेशन झालं, आत यंत्र बसवलं. या आजारानंतर कानाच्या आत हाड भरत जातं, उशीर केला तर यंत्रही बसत नाही, म्हणून घाई केली. महिन्याने ते चालू करतील. ऑपरेशनच्या आधी तिथल्या डॉक्टरांनी ॲलर्जीची तपासणी केली. आधी कातडीवर, मग देखरेखीखाली पेनिसिलिनच्याच जातीचं औषध पोटात देऊन. काही झालं नाही. ते म्हणाले, खरी ॲलर्जीही कधीकधी पंधरा-वीस वर्षांत मावळते. म्हणजे तुम्हाला लपायला एक कोपरा आहे, हे मला ठाऊक आहे. तिथे लपू नका.

मला एकच सांगा. २००६ च्या राखीला, त्या दिवशी, सिरिंजमध्ये काय होतं?

तुमची धाकटी बहीण,
विद्युल्लता


धार,
गुरुवार, २७ मार्च २०२५

चि. विद्युल्लता हीस अनेक शुभाशीर्वाद.

तुझे पत्र शुक्रवारी पोचले. त्याच दिवशी उत्तर लिहिले होते. ॲलर्जी कालांतराने मावळते, तेव्हा तपासणीवरून काही सिद्ध होत नाही, असे त्यात होते. मग तुझे पत्र पुन्हा वाचले आणि माझा कागद फाडला.

पेनिसिलिन नव्हते.

त्या साली गंधवानी, बाग, सगळ्या पट्ट्यात मलेरियाचा कहर होता. दवाखान्यात सकाळपासून सत्तर माणसे बसलेली. तू देवश्रीला कडेवर घेऊन आत आलीस. ताप चार दिवसांचा, गोळी पोटात ठरत नव्हती. मी क्लोरोक्विनचे इंजेक्शन भरले. मोठ्या माणसाचे माप भरले. सकाळपासून तेच माप भरत होतो, हाताने आपोआप भरले. लहान मुलाला ते औषध सुईने देऊच नये, हे मला ठाऊक होते. दोन मिनिटांत तिची नाडी लागेना. छाती दाबली, सलाईन लावले, पाय वर केले. वीस मिनिटांनी ती रडली. तेवढ्या वीस मिनिटांत मी किती नवस बोललो असेन, देवालाच ठाऊक.

तू विचारलेस, "दादा, काय झालं?" माझ्या तोंडून निघून गेले, "पेनिसिलिनची रिॲक्शन." त्यात कोणाचा दोष नसतो. कोणत्याही डॉक्टरच्या हातून होते. आणि तू माझ्या पायांवर डोके ठेवलेस, म्हणालीस, दादा, तुम्ही होतात म्हणून वाचली. त्यानंतर ते बोलणे मागे घेणे मला जमले नाही. कार्ड करून दिले, ते तुझी खात्री पटावी म्हणून. पेनिसिलिन त्या मुलीला मी तोपर्यंत कधी दिलेच नव्हते. मला वाटले, एक औषध वर्ज्य झाले, जगात दुसरी शंभर आहेत. यात नुकसान कोणाचे?

फोनवर ती मुलगी विचारत होती तेव्हा खरे सांगावेसे वाटले. पण माझ्या पेशंटची लेक, मला सर सर म्हणणारी. तू शेजारी ऐकत होतीस. एवढे मोठे हॉस्पिटल, दुसरे औषध देतीलच, असे मनाला समजावले. त्या क्षणानंतर मला धड झोप नाही. तुझ्या वहिनीला अजून काही सांगितलेले नाही.

माझी एक विनंती आहे. देवश्रीला हे सांगू नकोस. तिच्या मनात मामा जसा आहे तसा राहू दे. एवढी एक गोष्ट माझ्यासाठी कर. दवाखाना मी या महिन्याअखेर बंद करतो आहे.

आणि एक लिहितो, रागावू नकोस. एकोणीस वर्षांत तू मला पुन्हा एकदाही विचारले नाहीस. विचारले असतेस तर मी सांगितले असते, असे वाटते.

तुझा,
दादा (उमाशंकर)


देवास,
गुरुवार, १० एप्रिल २०२५

ती. दादा यांस,

नमस्कार.

तुमचं पत्र देवश्रीने वाचलं आहे. तुमची विनंती मी मानली नाही. मानायचा विचारही केला नाही. तिचे कान, तिचं आयुष्य, आणि तिच्यापासूनच लपवायचं? तिच्या मनातला मामा सांभाळायला माझ्या पोरीला अजून किती अंधारात ठेवायचं?

पाकीट तिच्या हातात दिलं, पण तिला ते वाचता येईना. हिंदी शाळेत शिकलेली मुलगी, छापील मराठी कसंबसं वाचते, तुमचं जोडाक्षरांचं वळण तिला लागेना. म्हणाली, "आई, साफ अक्षर में लिख दो ना." म्हणून मी एका वहीत तुमचं पत्र शब्दन् शब्द उतरवून दिलं. माझ्याच हाताने लिहिलं, 'मोठ्या माणसाचे माप भरले.' माझ्याच हाताने लिहिलं, 'यात नुकसान कोणाचे?' इथे पेन इतकं दाबलं गेलं की कागद फाटला.

पण शेवटच्या ओळीपाशी आले आणि हात थांबला. 'तू मला पुन्हा एकदाही विचारले नाहीस.'

दादा, मला तुमचा राग आला आहे आणि तो जाणार नाही. तुम्ही हे वाक्य माझ्यावर ढकलून हलके व्हायला बघता, त्याचाही आला आहे. पण ते वाक्य खोटं नाही. मागच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नव्हती. दोन लिहिल्या नव्हत्या. आता लिहिते.

पहिली अशी. त्या दिवशी देवश्री रडायला लागल्यावर तुम्ही टेबलावरची रिकामी बाटली उचललीत आणि खिशात घातलीत. इंजेक्शनची रिकामी बाटली कोणी खिशात घालत नाही. कोपऱ्यातल्या डब्यात टाकतात. मी पोरीला छातीशी धरून बसले होते आणि मी ते पाहिलं. मग तुम्ही म्हणालात पेनिसिलिन, आणि मी तुमच्या पायांवर डोकं ठेवलं. शाळेत मी मुलांना बजावते, प्रयोगाच्या वहीत पाहिलेलं लिहा, ऐकलेलं नको. घरी मात्र मी ऐकलेलं लिहिलं आणि पाहिलेलं पुसून टाकलं. तुम्ही चुकू शकता, हे मानणं मला जमणारच नव्हतं. हे गेल्यानंतर तर तुमच्याशिवाय मला होतं कोण?

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे.

२०१९ साली देवश्री इंदूरच्या होस्टेलमध्ये होती. घसा धरला होता. खोलीतल्या मैत्रिणीने स्वतःच्या कॅप्सूल दिल्या, हिने न बघता पाच दिवस घेतल्या. मग नाव वाचलं, अमॉक्सिसिलिन. पेनिसिलिनचीच बहीण. तिने मला फोन केला, हसत होती. "आई, कुछ नहीं हुआ! पूरे पाँच दिन खाई. मुझे एलर्जी-वेलर्जी कुछ नहीं है!" मी काय केलं, सांगू? मी तिला इतकं झापलं की ती रडली. नशीब म्हणून वाचलीस, म्हटलं. माझी शपथ घातली की मामाला हे कधी सांगायचं नाही, कोणत्याही डॉक्टरला सांगायचं नाही. मामाला किती वाईट वाटेल, म्हटलं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून! पोरगी आनंदाची बातमी सांगत होती आणि मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

त्या रविवारी एक वाजता शिवांगींनी मला हाही प्रश्न विचारला होता. "इसने कभी गलती से भी पेनिसिलिन वाली कोई दवा ली हो? याद कीजिए, आंटी." देवश्री बेशुद्ध होती, ती सांगू शकत नव्हती. सांगू शकणारी मी एकटीच होते.

मी म्हटलं, "नहीं."

का म्हटलं, ते मी दोन महिने स्वतःला विचारते आहे. हो म्हटलं असतं तर तुम्ही खोटे पडला असता. आणि मी सहा वर्षं गप्प होते, हे उघडं पडलं असतं. माझ्या मुलीला खाटेवर झटके येत होते आणि मी हा विचार करत होते. दादा, मी तुम्हाला क्रमवार सगळं लिहिलं, एकेक तास मोजून लिहिला, आणि त्यातले पावणेपाच तास माझे होते हे लिहिलं नाही.

साडेपाचला तिची बुबुळं एकसारखी राहीनात, मेंदूवर दाब चढत होता. शिवांगी धावत आल्या आणि माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. तेव्हा माझं तोंड उघडलं. मी म्हटलं, "ली थी. होस्टेल में. पाँच दिन. कुछ नहीं हुआ था." त्यांनी माझ्याकडे जे बघितलं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्या वळल्या, मोठ्या डॉक्टरांना फोनही केला नाही, आणि इंजेक्शन भरलं. पंधरा मिनिटांत औषध तिच्या रक्तात होतं. पंधरा मिनिटांचं काम होतं ते.

हे सगळं मी तुमच्या पत्राच्या नकलेखाली, त्याच वहीत, माझं म्हणून लिहिलं आणि देवश्रीला दिलं. ती ओसरीत बसून वाचत होती. मी आत पोळ्या लाटत होते. हात चालू ठेवायला काहीतरी हवं होतं. तिला आता स्वतःचा आवाज कळत नाही, म्हणून ती बोलते ते सगळ्या गल्लीला ऐकू जातं. ती आत आली आणि ओरडून म्हणाली, "मैंने बताया था ना! आई, मैंने तुमको बताया था ना!" शेजारच्या खिडक्या उघडल्या. मी मान हलवली. ती परत परत तेच म्हणत राहिली. मी काही म्हटलं असतं तरी तिला ऐकू आलं नसतं.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी वहीत लिहिलं, हिंदीत, तसंच उतरवते. 'मामा से गलती हुई, फिर डर के मारे उन्होंने झूठ बोला. तुमने झूठ को पाला. दोनों का हिसाब मैं बाद में करूँगी. शिकायत करनी है या नहीं, किसकी करनी है, ये मैं तय करूँगी, तुम नहीं.'

काल इंदूरला यंत्र चालू केलं. डॉक्टरांनी टाळी वाजवली. ती दचकली. मग म्हणाली, सगळं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं ऐकू येतं, माणसांचे आवाज किड्यांसारखे. हळूहळू सुधारेल म्हणतात, महिने लागतील, रोज सराव करावा लागेल. माझा आवाज तिने ओळखला नाही. मी तिचं नाव घेतलं, तर तिने नर्सकडे बघितलं. जूनमध्ये सतवासला परत रुजू होणार आहे. काउंटरवर नाही, आतल्या टेबलावर. मी म्हटलं, थोडे दिवस माझ्यापाशी राहा. नाही म्हणाली.

आता तुमच्याबद्दल. दवाखाना बंद करतो म्हणता. कुलूप लावलं असेल तर उघडा. असं कार्ड तुम्ही एकट्या देवश्रीलाच दिलंत, यावर माझा विश्वास नाही. कुठे पुरळ आलं, कुठे चक्कर आली, कोणाच्या पोटात दुखलं, की पेनिसिलिनची ॲलर्जी लिहून मोकळं व्हायचं, हे मी तुमच्याच दवाखान्यात बसून पाहिलं आहे. धार, बाग, गंधवानी, किती घरांत तुमच्या सहीची कार्डं असतील? त्या माणसांना बोलवा. एकेकाला विचारा, नक्की काय झालं होतं, किती वेळाने झालं, अंगावर काय उठलं. खरी ॲलर्जी असेल त्याची नीट नोंद करा, शंका असेल त्याला तपासायला पाठवा. नसेल त्याचं कार्ड स्वतःच्या हाताने फाडा. अडुसष्ट वय हे काही सबब सांगायचं वय नाही. सकाळी दोन तास तुम्ही परवापर्यंत बसतच होतात. वहिनींना तुम्हीच सांगा. आठ दिवसांत सांगितलं नाहीत तर मी येऊन सांगेन.

शिवांगींनी देवश्रीच्या केसपेपरसाठी एक कागद तयार केला आहे. तो सोबत पाठवते. यापुढे कोणत्याही हॉस्पिटलात, कोणत्याही डॉक्टरने तिला औषध देताना थांबू नये, म्हणून तो फाइलमध्ये सगळ्यांत वर लागणार आहे. २००६ साली काय दिलं, किती दिलं, २०१९ साली तिने काय घेतलं, फेब्रुवारीत काय घडलं. देवश्रीची अट आहे की ज्याने जे केलं ते त्यानेच, आपल्या अक्षरात, नावानिशी लिहायचं. टाइप केलेलं चालणार नाही.

वरच्या अर्ध्या पानावर मी माझं लिहिलं आहे. 'मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही,' असं पहिलंच वाक्य आहे. खाली सही केली आहे. उरलेलं अर्धं पान तुमचं.

देवश्रीची आई,
विद्युल्लता